तारण, गहाण आणि हातउसने

कर्जव्यवहारासाठी मराठीने जो शब्द निवडला आहे, तोच शब्द आपण ख्रिस्ती माणसे देवळातही उच्चारतो. बँकेकडे आपण घर 'तारण' ठेवतो आणि प्रार्थनेत प्रभूला 'तारणारा' म्हणतो. एकच धातू, पार नेण्याचा. इंग्रजीची गोष्ट वेगळी आहे. 'मॉर्गेज' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचा मूळ अर्थ 'मृत गहाण' असा होतो. सतराव्या शतकातील कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी त्याचा उलगडा असा केला होता, की ऋणकोने पैसे फेडले तर गहाण धनकोच्या दृष्टीने मेले आणि न फेडले तर ऋणकोच्या दृष्टीने मेले. कोणाच्या तरी दृष्टीने ते मरणारच! गंमत अशी, की हेच कर्ज फिटून घर मोकळे होते तेव्हा इंग्रज माणूसही त्याला 'रिडेम्प्शन', म्हणजे आपल्या उपासनेच्या भाषेतील 'मुक्ती', असेच म्हणतो.

शब्दांचा हा खेळ करण्यास कारण आहे. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांतली मुले-मुली आज इंग्लंडमध्ये परिचारिका, वृद्धाश्रमातील सेवक, गोदामातील कामगार म्हणून राहत आहेत. काही वर्षे भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर त्यांना घर हवेसे वाटते आणि त्याच वेळी त्यांच्या डोक्यावर जुनी देणी असतात. 'अंगावर कर्ज असताना आणखी कर्ज काढून घर घेणे योग्य आहे काय?' हा प्रश्न आता पत्रांतून आणि दूरध्वनीवरून धर्मगुरूंपर्यंत येऊ लागला आहे. पूर्वी तो सोसायटीच्या चेअरमनला विचारला जाई. आम्हाला विचारला जातो याचा अर्थ, विचारणाऱ्याला हिशेबाखेरीज आणखी काही बोचत असावे.

आधी ते घर कसले, हे समजून घेऊ. इंग्लंडमध्ये ज्यांना पूर्ण घर परवडत नाही त्यांच्यासाठी 'शेअर्ड ओनरशिप' नावाची पद्धत आहे. घराचा एक हिस्सा आपण विकत घ्यायचा, उरलेला हिस्सा गृहनिर्माण संस्थेकडे राहतो आणि त्या उरलेल्या हिश्श्याचे भाडे आपण तिला भरायचे. जुन्या करारांत किमान हिस्सा पंचवीस टक्क्यांचा असे; २०२१ मध्ये आलेल्या नव्या नमुन्यात तो दहा टक्क्यांपर्यंत खाली आणला गेला. कमाल पंचाहत्तर टक्के. न घेतलेल्या हिश्श्याचे भाडे आरंभी वर्षाला त्याच्या किमतीच्या तीन टक्क्यांपर्यंत असू शकते आणि ते दरवर्षी महागाईच्या मानाने वाढते. ऐपत वाढेल तसतसा आणखी हिस्सा घेत जायचे, याला तिकडे जिना चढणे म्हणतात. योजना मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे. वार्षिक ऐंशी हजार पौंड, लंडनमध्ये नव्वद हजार, यापेक्षा अधिक मिळकत असेल तर दार बंद.

उदाहरण घेतल्याशिवाय हे मनात उतरत नाही. समजा, घर दोन लाख चाळीस हजार पौंडांचे आहे आणि चाळीस टक्के हिस्सा घ्यायचा आहे. हिश्श्याची किंमत शहाण्णव हजार. त्यावर दहा टक्के, म्हणजे नऊ हजार सहाशे, पदरचे भरायचे. उरलेल्या शहाऐंशी हजार चारशेंचे कर्ज. पाच टक्के दराने तीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे चारशे चौसष्ट पौंड. उरलेल्या साठ टक्क्यांचे भाडे पावणेतीन टक्क्यांनी महिन्याला तीनशे तीस. इमारतीच्या देखभालीचा खर्च समजा एकशे वीस. एकूण नऊशे चौदा. बाहेर भाड्याने तेवढेच घर घेतले तर पुष्कळ शहरांत याहून अधिक द्यावे लागते. आकर्षण खोटे नाही.

पण 'मालकी' या शब्दाविषयी मला थोडे थांबावेसे वाटते. चाळीस टक्क्यांच्या मालकाला देखभालीचा खर्च मात्र शंभर टक्के भरावा लागतो. जुन्या करारांत सारी दुरुस्तीही त्याच्याच माथी असे. नव्या नमुन्यात पहिली दहा वर्षे संस्था थोडा हातभार लावते. आणि २००७ साली तेथील एका न्यायालयापुढे आलेला खटला तर अंतर्मुख करणारा आहे. अर्धा हिस्सा विकत घेतलेल्या एका स्त्रीला धमक्यांमुळे घर सोडावे लागले आणि भाडे थकले. त्या वेळच्या कायद्यानुसार न्यायालयाने तिला केवळ भाडेकरू ठरवले. ताबा गेला आणि विकत घेतलेल्या हिश्श्यावरचा कायदेशीर हक्कही गेला. योजना वाईट आहे असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. हजारो कुटुंबांना तिने छप्पर दिले आहे, आणि कष्टकऱ्याला आपल्या श्रमातून थोडीफार मालमत्ता उभी करता यावी ही अपेक्षा तर पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात आग्रहाने मांडली होती. एवढेच म्हणतो, की सही करणाऱ्याने 'मी घर घेतले' असे गावाला कळवण्यापूर्वी आपण नेमके काय घेतले ते स्वतःला सांगावे.

आता कर्जाविषयी. आपल्याकडे दोन टोकांची माणसे दिसतात. एकाला कर्ज म्हणजे पापच वाटते. तो पतपेढीची पायरी चढताना मान खाली घालतो. दुसरा बारशापासून बाराव्यापर्यंत सगळे हप्त्यांवर उरकतो. पहिल्याला मी सांगेन, की ख्रिस्तसभेच्या शिकवणीचा रोख नेहमी सावकारावर होता, ऋणकोवर नव्हता. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन महासभेने व्याजखोरांना कठोर शब्दांत धिक्कारले. संत थॉमस अक्वायनस व्याज घेणे अन्याय्य मानतात, पण गरजेपोटी आणि चांगल्या हेतूने सावकाराकडून उसने घेणाऱ्यावर पापाचा ठपका ठेवत नाहीत. पुढे फ्रान्सिस्कन बंधूंनी इटलीत गोरगरिबांसाठी गहाणावर माफक दराने कर्ज देणाऱ्या पेढ्या उभारल्या; पेरूजा येथील पेढी १४६२ ची. खर्चापुरते शुल्क घेण्याला १५१५ मध्ये महासभेने मान्यताही दिली. आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सिनियर मोनीस यांच्या पुढाकाराने जी कॅथॉलिक पतसंस्था निघाली, जी आज मोठी बँक आहे, ती याच परंपरेतली. कर्ज हे माणसाला उभे करण्याचे साधन होऊ शकते, हे त्या पिढीने ओळखले होते.

दुसऱ्याला काय सांगावे हे मला खरोखर कळत नाही. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मांडव, बँड आणि पाचशे पानांसाठी काढलेले कर्ज आणि आजारपणासाठी काढलेले कर्ज बँकेच्या दप्तरात एकाच रंगाच्या शाईने लिहिले जाते. आपल्या सदसद्विवेकाच्या दप्तरात तरी रंग वेगळे असावेत.

बँकेचे दप्तर मात्र इंग्लंडमध्ये फार बारकाईने वाचले जाते. घरासाठी कर्ज मागणाऱ्याचा पतइतिहास पाहिला जातो. थकवलेल्या कर्जाची किंवा न्यायालयाच्या वसुली-निकालाची नोंद सहा वर्षे राहते. गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्डाची बाकी, पोरांच्या पाळणाघराचा खर्च हे सारे उत्पन्नातून वजा होते. सहसा तीन महिन्यांची बँकखाती ओळीओळीने तपासली जातात. आत्मपरीक्षा करताना आपण इतके काटेकोर असतो का, असा विचार मनात येऊन गेला! मोशेच्या नियमशास्त्रात ऋणकोची लाज राखणारी एक तरतूद आहे: गहाण आणण्यासाठी धनकोने घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने आपल्या हाताने वस्तू बाहेर आणून द्यावी. आजचा धनको थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. पण हेही खरे, की २००८ च्या आर्थिक कोसळण्यापूर्वी मिळकतीचा पुरावा न मागता कर्जे वाटली गेली आणि त्याचा भार शेवटी सामान्य कुटुंबांवर पडला. ब्रिटनमध्ये स्वतःच्या शब्दावर मिळकत सांगून कर्ज घेण्याची ती वाट २०१४ च्या नियमांनी बंद झाली. आजच्या चौकशीत ऋणकोचेही थोडे रक्षण आहे. ज्याची अगोदरचीच देणी आवाक्याबाहेर गेली आहेत त्याच्यासाठी तेथे मोफत सल्ला देणाऱ्या संस्था आहेत, आणि २०२१ पासून इंग्लंड-वेल्समध्ये साठ दिवसांची कायदेशीर उसंतही मिळू शकते. अशा माणसाने घराचा विचार बाजूला ठेवून आधी तिकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

माझ्यासमोर असलेला प्रश्न याहून नाजूक आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. एका तरुण जोडप्याचे पत्र आले. आकडे वरच्या उदाहरणासारखेच. गाडीचा हप्ता एकशे ऐंशी पौंड, क्रेडिट कार्डाचे महिन्याला नव्वद; ही देणी बँकेला दिसतात आणि ती धरूनही कर्ज मंजूर होईल असे सल्लागाराने सांगितले आहे. अडते आहे ते पदरच्या रकमेपाशी. त्यांच्याकडे चार हजार सहाशे पौंड आहेत. उरलेले पाच हजार, म्हणजे सुमारे सहा लाख रुपये, गावातले काका मुदतठेव मोडून द्यायला तयार आहेत. पाच वर्षांत फेडायचे, असे आपसात ठरले आहे. व्याज नाही, कागद नाही. आपण याला हातउसने म्हणतो.

पण बँक एक कागद मागते. पैसा नातेवाइकाकडून आला असेल तर ती देणगी आहे, परत करायची नाही आणि घरावर देणाऱ्याचा काही हक्क नाही, असे देणाऱ्याने लिहून द्यावे लागते. काका सही करायला एका पायावर तयार आहेत. सल्लागार म्हणतो, सगळेच असे करतात. पत्र लिहिणाऱ्याचा प्रश्न एका ओळीचा होता: 'फादर, यात कोणाचे नुकसान आहे?'

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सावकाश शोधले पाहिजे. कायद्याचे उत्तर सोपे आहे: जाणूनबुजून खोटी माहिती देऊन कर्ज मिळवणे हा तेथील २००६ च्या कायद्याखाली फसवणुकीचा गुन्हा आहे. परंतु पकडले जाण्याची भीती म्हणजे नीती नव्हे. समजा, कोणालाच काही कळणार नाही, मग?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना 'मनातल्या मनात घातलेली अट' हा विषय आम्हाला असे. तोंडाने एक बोलायचे, मनात त्याला शेपूट जोडायचे आणि मी खोटे बोललो नाही असे समाधान मानायचे. सतराव्या शतकात काही शिथिल नीतिशास्त्रज्ञांनी ही पळवाट बरीच रुंद केली होती. १६७९ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी ती निषिद्ध ठरवली. काकांचे बक्षीसपत्र हे तेच शेपूट आहे. 'हे पैसे देणगी आहेत' असे कागदावर आणि 'पाच वर्षांपुरती' असे मनात.

यावर आक्षेप येईल, की बँक बलाढ्य आहे, तिच्याकडे वकील आहेत. गरिबाने थोडी चलाखी केली तर बिघडले कोठे? १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथून उसळलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती, आणि त्यांच्या संतापाला कारण होते. आक्षेपात तथ्याचा अंश आहे, म्हणून मी बँकेला क्षणभर बाजूला ठेवतो. तिचे काय नुकसान व्हायचे ते होवो. खोटा कागद दुसऱ्याच कोणावर तरी उलटतो. तो काकांवर उलटतो.

कसे ते पाहा. गाडीचा हप्ता चुकला तर पत्र येते. घराचा हप्ता चुकला तर घर जाऊ शकते. गृहनिर्माण संस्थेचे भाडे थकले तर नोटीस येते. काकांचे त्र्याऐंशी पौंड चुकले तर काहीच होत नाही. नऊशे चौदा अधिक दोनशे सत्तर मिळून महिन्याचे अकराशे चौऱ्याऐंशी बँकेने पाहिले आहेत. काका धरले तर बाराशे सदुसष्ट होतात, ते तिने पाहिलेले नाहीत. हात आखडला की पहिली काट कोठे बसणार हे सांगायला अर्थशास्त्री नको. ज्याच्यापाशी वकील आहे त्याचे आधी आणि ज्याच्यापाशी केवळ नाते आहे त्याचे शेवटी, हा आपल्या व्यवहारातला अलिखित क्रम असतो. आणि उद्या काका गेले, तर त्यांच्या मुलांच्या हाती वडिलांच्या सहीचा एकच कागद उरेल, ज्यावर लिहिले आहे की मागायला काहीच नाही. किती आळ्यांतली भावकी अशा कागदांवरून तुटली आहे, हे वाचकांनी आपापल्या आळीपुरते आठवून पाहावे.

संत थॉमस यांनी देणे फेडण्याच्या कर्तव्याची चर्चा करताना एक गोष्ट सांगितली आहे, जी मला फार व्यवहारी वाटते. परत करणे शक्य असताना विलंब करणे म्हणजे दुसऱ्याला त्याच्या वस्तूपासून वंचित ठेवणे होय. आणि ताबडतोब परत करणे शक्य नसेल तर ज्याला मुदत देण्याचा अधिकार आहे त्याच्याकडे ती मागावी. म्हणजे अंगावर देणे असताना घर घेऊच नये, असे नीती सांगत नाही. ती सांगते की धनकोला विचारा. बँकेला विचारणे सोपे आहे. ती नाही म्हणू शकते. आपल्या घरांतली अडचण अशी, की काकाला 'नाही' म्हणताच येत नाही. पुतण्याने तोंड उघडताच तो 'सावकाश दे रे, घाई कुठे आहे' म्हणतो. ही संमती कितपत मोकळी आहे? नहेम्याच्या पुस्तकात दुष्काळाच्या दिवसांत शेते, मळे आणि घरे गहाण टाकलेले लोक निदान आक्रोश तरी करतात, आणि नहेम्या, जो स्वतःही उसने देणाऱ्यांपैकी होता, ते ऐकतो. प्रेमाने दिलेला काका आक्रोश करत नाही. त्याच्या बाबतीत ऐकण्याचे काम ऋणकोलाच करावे लागते.

मग मार्ग कोणते? काकांना खरोखरच देणगी द्यायची असेल तर ती देणगी असू द्यावी. मात्र काकू आणि चुलतभावंडे यांच्यादेखत तसे बोलले जावे आणि पुतण्याने पुढे जे काही करायचे ते कृतज्ञतेपोटी करावे. देणगी नसेल, तर बँकेला सरळ सांगावे की हे उसने आहेत. काही बँका ते हप्त्यांत धरून कर्जाची रक्कम कमी करतील, पुष्कळ बँका साफ नकार देतील. तिसरा मार्ग मला आकडे मांडताना सापडला. हिस्सा चाळीसऐवजी तीस टक्के घ्यावा. त्याची किंमत बहात्तर हजार. पाच टक्के पदरचे घेणारी बँक मिळाली तर तीन हजार सहाशे पुरतात, आणि तेवढे त्यांच्यापाशी आहेत. हप्ता सुमारे तीनशे सदुसष्ट, भाडे तीनशे पंच्याऐंशी. महिन्याचा बोजा किंचित कमीच. पाच टक्क्यांवर व्याजदर सहसा थोडा चढा असतो हे धरले तरी फार फरक पडत नाही. वकिलाचे शुल्क आणि घराची तपासणी यांसाठी मात्र आणखी काही महिने बचत करावी लागेल, आणि तेवढ्यात कार्डाची बाकीही बरीच खाली येईल.

या मार्गाची किंमत आहे, ती मी लपवत नाही. जे घर त्यांनी पाहून ठेवले आहे ते तोवर राहणार नाही. मुलीला शाळा बदलावी लागेल. एका भाड्याच्या हिवाळ्याची भर पडेल. लेवीयच्या पुस्तकात एक विलक्षण नियम आहे: खेड्यातले विकलेले घर योबेल वर्षी मूळ मालकाकडे परत जाई, पण तटबंदीच्या नगरातले घर एका वर्षात सोडवले नाही तर कायमचे जाई. नगरांत घरांचा बाजार तेव्हाही निर्दय होता म्हणायचा. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाट पाहायला सांगणे सोपे असते, आणि सांगणारा धर्मगुरू स्वतः चर्चच्या बंगल्यात फुकट राहतो, हे मला ठाऊक आहे.

उत्तर मी पाठवले. त्यात तिन्ही मार्ग लिहिले, आकडेमोड लिहिली आणि बक्षीसपत्र खोटे असेल तर त्यावर काकांची सही घेऊ नये हे स्पष्ट लिहिले. एक गोष्ट लिहिली नाही. काकांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षे पुढे ढकलली जात आहे. रविवारच्या मिस्साला ते आता शेवटच्या बाकावर बसतात, कारण पुढपर्यंत चालवत नाही. पुतण्याच्या पत्रात याचा उल्लेख नव्हता, बहुधा त्याला कोणी सांगितलेलेच नाही, आणि ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. मी एवढेच लिहिले, की पैशांविषयी काही ठरवण्यापूर्वी काकांना फोन करून आधी त्यांची प्रकृती विचारावी, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.